पाठमोरी पारख

थोरला : दार लोटून घे आधी. आणि ते काचेचं कपाट उघडू नकोस.

दुकानवाली : कपाट नाही उघडलं तर ट्रम्पेटचे माउथपीस दाखवू कसे, काका?

थोरला : दाखवायचेच नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून बसतो, तू मागून एकेक हातात दे. नंबर सांगायचा नाही, कुठल्या कारखान्याचा ते सांगायचं नाही, आणि ‘हा सगळे नेतात’ असलं तर मुळीच नाही.

दुकानवाली : माझ्यावर एवढा अविश्वास?

थोरला : तुझ्यावर नाही, दुकानावर. तुझे वडील देवमाणूस. पण जे कपाटात धूळ खात पडलंय तेच समोरच्याच्या ओठाला कसं शोभतं, हे पटवायची कला त्यांनाही होती.

दुकानवाली : होती खरी. पण तेच म्हणायचे, आरशात बघून टोपी घ्यावी, माउथपीस नाही. बसा त्या स्टुलावर. ट्रम्पेट इकडे द्या, ह्यातला तुमचा माउथपीस काढून ठेवते.

थोरला : नीट धर. मीच पुसतो, मीच उचलतो. हल्ली पेटीला कुलूप लावून किल्ली गळ्यात ठेवतो.

दुकानवाली : का? तालमीच्या खोलीत चोऱ्या होतात?

थोरला : चोरी झाली तर निदान कळते. हे वेगळं आहे. दे पहिला.

दुकानवाली : थांबा, कोमट पाण्यातून काढते. सगळे एकाच वाडग्यात टाकलेत. नाहीतर एक गार लागायचा, एक गरम, आणि तुम्ही म्हणाल मी खूण केली.

थोरला : म्हटलंच असतं.

दुकानवाली : घ्या, पुसलाय. आणि आल्या आल्या उंच चढू नका. सगळे तेच करतात. दुकानात एक वरचा सूर लागला की खूश होऊन घरी जातात, आणि आठवड्याने ओठ सुजवून परत येतात. आधी मधला सूर, हळू, लांब. मग खाली. मग वर.

थोरला : मला शिकव आता. बँडच्या पहिल्या खुर्चीवर बसून केस पांढरे झाले माझे. ... हं. ह्याची कड जाड आहे. ओठाखाली उशी दिल्यासारखं वाटतं, पण त्या उशीवर आवाजपण झोपतो. पुढचा.

दुकानवाली : जरा दम घ्या मध्ये. ओठ पुसा. हा घ्या.

थोरला : हा उथळ. वाटी कसली, बशी आहे आत. असला वाजवणारा माणूस रांगेत कोपर मारून पुढे जाणारा असतो.

दुकानवाली : माउथपीसवरून स्वभाव कळतो होय माणसाचा?

थोरला : स्वभाव कळत नाही, तीच तर पंचाईत आहे. पुढचा.

दुकानवाली : घ्या.

थोरला : ... हं.

दुकानवाली : काय झालं?

थोरला : काही नाही. पुन्हा एकदा खालून घेतो. ... हा बाजूला ठेव. ह्याच्यात बसायला जागा आहे. खालचे सूर ऐकलेस? खोलीभर पसरतात. वर जाताना जरा अडतो, पण तोंडावर सांगून अडतो. कपट नाही त्याच्यात. ठेव वेगळा.

दुकानवाली : ठेवला. काका, रविवारी काही विशेष आहे का? नाही, धाकटे काका परवा—

थोरला : धाकट्याचं नाव कशाला मध्ये आलं?

दुकानवाली : सहज. तुमचे सख्खे भाऊ, तेही तुमच्याच बँडमध्ये, शेजारच्याच खुर्चीवर, म्हणून.

थोरला : सहज. बरं. रविवारी नवे संचालक एकेकाला खोलीत बोलावणार आहेत. आत एकटा माणूस आणि त्याचं वाद्य. बाकीचे बाहेर. मग ठरणार पहिल्या खुर्चीवर बसून वरचे सूर कोण वाजवणार. जुन्यांनी कधी असलं केलं नव्हतं, पण ह्यांना सगळं चाखून बघायचंय. आणि नेमका आत्ताच माझा ओठ घसरायला लागलाय. घरी सांगितलं, माझ्या माउथपीसला कोणीतरी काहीतरी केलंय. तर तुझी काकू म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, पण मला ऐकू येईल एवढ्या बेताने.

दुकानवाली : काकूंचं मनावर घेऊ नका.

थोरला : तिचं मनावर घेतलं असतं तर संसार झाला नसता. पुढचा दे. का थांबलीस?

दुकानवाली : देते. हा शेवटचा.

(एकच सूर बराच वेळ वाजतो, मग मध्येच तुटतो.)

थोरला : हा माझा आहे.

दुकानवाली : ओळखलात.

थोरला : मघाशी काढून घेतलास आणि हळूच वाडग्यात टाकलास. चलाख आहेस. दांडीला हा पोचा आहे बघ, धाकट्याने लहानपणी जिन्यावरून पाडला होता. बोटाला लगेच लागतो. तेव्हा दांडी माझी, ह्यात वाद नाही. आता मला सांग, कड कोणाची आहे?

दुकानवाली : म्हणजे?

थोरला : आतली कड. इथे जिभेचं टोक फिरवलं की एक धार लागायची. इतकी वर्षं मी त्या धारेवर उभा राहून वाजवलं. ती धार गेली. अर्ध्या वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत झालीय. आणि हे वापरून झालेलं नाही. वापरून झिजते ती एका बाजूने, जिथे ओठाचा भार पडतो. ही सगळीकडून सारखी झिजलीय. म्हणजे लेथवर लावून घासलीय. आणि हे काम करणारं लेथ मशीन गावात एकच आहे. त्याच्या तेलाचा वास मला इथे बसून येतोय.

दुकानवाली : काका, तोंड इकडे करा.

थोरला : भिंतच बरी आहे. बोल.

दुकानवाली : मीच घासली. पण माउथपीस तुमचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, त्यांचा स्वतःचा आहे.

थोरला : त्यांनी म्हणजे कोणी?

दुकानवाली : तुम्हाला माहीत आहे.

थोरला : मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दुकानवाली : धाकट्या काकांनी. म्हणाले, ओठ दुखतो, आतली धार जरा मऊ करून दे. आमच्या बाबांचा नेम होता, ज्याचा ओठ त्याला समोर बसवायचं. थोडं घासायचं, वाजवून बघायला लावायचं, मग पुन्हा थोडं. ओठ समोर नसेल तर मशीन चालूच करायचं नाही. मी म्हटलं, बसा, वाजवून बघा. तर म्हणाले, घाईत आहे, अंदाजाने कर. तिथेच शंका यायला हवी होती.

थोरला : आली नाही?

दुकानवाली : आली. गिळली. घरोब्यातला माणूस, म्हटलं कशाला खोलात शिरा.

थोरला : बघ. खाई त्याला खवखवे. म्हणून आज सकाळपासून मागे लागला होता, दादा, दुकानात कशाला जातोस, तुला हवा तसा मी आणून देतो. गेल्या तालमीला सगळ्यांदेखत माझी पेटी उचलून आणली. ज्याला खुर्ची हवी असते तो आधी खुर्ची पुसायला लागतो.

दुकानवाली : तसं नसेल, काका.

थोरला : आई गेली तेव्हा हा दप्तराएवढा होता. मी वाढवला. पहिला सूर मी शिकवला, ह्याचे गाल दोन्ही हातांनी दाबून धरून. आणि ह्याने माझ्या ओठाखालची जमीन घासून घेतली. रविवारी मी आत जाऊन घसरायचं, आणि हा बाहेर रुमाल घेऊन माझे डोळे पुसायला उभा.

धाकटा : रुमाल नाही आणला, दादा.

दुकानवाली : धाकटे काका. या, आत या.

थोरला : केव्हापासून उभा आहेस?

धाकटा : खुर्ची पुसण्यापासून. वहिनीने सांगितलं इकडे आलायस.

थोरला : चोरून ऐकायची खोड जुनीच आहे तुझी.

धाकटा : दार नुसतं लोटलंय. तुझा आवाज पलीकडच्या सायकलवाल्यालाही जातोय.

थोरला : जाऊ दे. त्यालाही कळू दे. माझ्या पेटीतून माउथपीस काढलास?

धाकटा : काढला. एका संध्याकाळपुरता.

थोरला : मला न विचारता.

धाकटा : वाजवून उठतोस तेव्हा तुझ्या ओठावर वळ असतो, जांभळा. मला वाटलं धार मऊ झाली तर वर चढताना कापणार नाही. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, ह्याला माझी खुर्ची हवीय.

थोरला : विचारलं नाहीस, तरी तेच म्हणतोय.

धाकटा : ज्याचं करावं भलं—

थोरला : म्हणी नकोत. सरळ उत्तर दे. तू घासून आणलास आणि मग मी घसरायला लागलो. हो की नाही?

दुकानवाली : मी बोलू का? धार गेली की सुराची सुरुवात बोथट होते, आवाज कडेने सांडतो. ते माझ्या हातून झालं, मान्य. पण काका, आज तुम्ही एकाही माउथपीसवर त्या टोकाच्या सुरापर्यंत गेला नाहीत. प्रत्येक वेळी एक पायरी अलीकडे थांबलात आणि ‘पुढचा’ म्हणालात.

थोरला : तू ह्याची बाजू घेऊ नकोस.

दुकानवाली : बाजू नाही. मागे उभी राहून ऐकत होते, एवढंच.

थोरला : दुकानात उंच चढू नका. तूच म्हणालीस मघाशी.

धाकटा : घरी जातोस का, दादा?

थोरला : घरी शेजारी असतात. वरचा सूर भिंतीतून जातो.

धाकटा : पूर्वी जायचा भिंतीतून. तेव्हा शेजारी नव्हते का?

थोरला : तुला म्हणायचं काय आहे?

धाकटा : काही नाही. राहू दे. नवा घे चांगला, रविवार काढू कसातरी.

थोरला : काढू? आपण दोघं मिळून? आत एकेकालाच घेणार आहेत.

धाकटा : तेच ना. म्हणून तर घाबरलो. म्हणून नको ते करून बसलो. एरवी मी असतो शेजारी.

थोरला : असतोस. आणि त्याच गोष्टीचा मला संशय आहे, तोही आजचा नाही. शेवटाला मी वर जातो, तेव्हा माझ्या सुराच्या पोटात मला तुझा सूर ऐकू येतो. तुझ्या कागदावर तिथे खालचा सूर लिहिलाय. मी वाचलाय. म्हटलं, हा मला दाबतोय. संचालकांना दाखवतोय, बघा, मलाही येतो.

धाकटा : दाबत नव्हतो.

थोरला : मग काय करत होतास?

धाकटा : तुझा लागत नव्हता, दादा. नुसती हवा जायची. बोटं बरोबर, छाती बरोबर, मान वर केलेली बरोबर. सूर माझा होता.

दुकानवाली : पाणी देऊ का कोणाला?

थोरला : मला नको. त्याला दे. ... कधीपासून?

धाकटा : हिवाळ्यापासून.

थोरला : हिवाळ्यातल्या त्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या. मी उठून उभा राहिलो. वाकलो.

धाकटा : मग? पडू दे की. मला कुठे टोचल्या त्या?

थोरला : कोणाकोणाला कळलंय?

धाकटा : कोणाला नाही. वहिनी पुढच्या रांगेत होती. तिला कळलं असेल. मला एक शब्द बोलली नाही.

थोरला : तुला नाही बोलली.

दुकानवाली : काका, भिंतीकडे किती वेळ बसणार?

थोरला : वळलो. हे बघ, वळलो. पोरी, तो मी बाजूला ठेवायला सांगितलेला माउथपीस कुठला आहे? आता सांग.

दुकानवाली : सांगू?

थोरला : सांग म्हणतोय ना.

दुकानवाली : खोल वाटीचा आहे. दुसऱ्या, तिसऱ्या खुर्चीवाले नेतात. खालचा भाग ज्यांच्याकडे असतो ते.

थोरला : हे तुम्ही दोघांनी ठरवून केलंत.

दुकानवाली : तुमची पाठ होती माझ्याकडे. ‘बसायला जागा आहे’ हे मी नाही म्हटलं.

थोरला : वाडग्यात टाकलास तूच ना?

दुकानवाली : सगळ्या जातीचे टाकले. निवडून टाकले असते तर त्याच्यावरूनही भांडला असतात.

थोरला : ह्याचा जुना नाही ना हा?

धाकटा : माझा माझ्या खिशात आहे. हा घे, बघ.

थोरला : बघू. ... हं. तुझ्याही ओठावर वळ पडलाय की.

धाकटा : वरचं वाजवायची सवय नव्हती ना मला.

थोरला : मग बोलायचं नाही? ... तो खोल वाटीचा दे, पोरी. गुंडाळू नकोस, अजून ऊब आहे त्याला. आणि पुन्हा ओठ समोर नसताना मशीनला हात लावलास तर तुझ्या वडिलांच्या फोटोसमोर उभा राहून चुगली करीन.

दुकानवाली : करा. मीच तुम्हाला खुर्ची देईन.

धाकटा : दादा, रविवारचं काय?

थोरला : रविवारी मी आत जाऊन खालचं वाजवीन, आणि तसं संचालकांना आधीच सांगेन. मी सांगेन. तू त्यात तोंड घालू नकोस, तुझं भलं करणं फार महागात पडतं. ट्रम्पेट आणलंयस?

धाकटा : बाहेर आहे, सायकलला.

थोरला : रस्त्यावर? अक्कल गहाण टाकलीस का? आण आत.

धाकटा : कशाला?

थोरला : तो वरचा सूर लाव. तू एकटा. हिवाळ्यापासून वाजवतोयस, आणि मी तो एकदाही धड ऐकला नाही.

धाकटा : इथे? आत्ता?

थोरला : इथे. आणि मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम चुकलास, तर मला कळेल.