गोणीतली चटई

जबाब देणार: निवृत्त पोस्टमन, वय ६६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, राहणार पाण्याच्या टाकीमागची दुसरी गल्ली. गल्लीत मला पोस्टमनकाका म्हणतात.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी व माझी पत्नी असे दोघेच राहतो. घरापुढे उतार असून तिथली माती दर पावसात वाहून जात असे. पत्नीने चार वर्षांपूर्वी तिथे जमिनीलगत पसरणारे, जांभळ्या फुलांचे रोप लावले. घरात आम्ही त्यास चटई म्हणतो. मूठभर रोपाचे तुकडे करून, वीत-वीत अंतरावर लावत तिने सबंध उतार भरला. पहिली दोन वर्षे तण काढण्यातच गेली. आता चटई ऊन, थंडी, माणसांचे पाय सगळे सोसते; पाय पडला की तिचा सुगंध सुटतो. पत्नीला मात्र गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही.

आज शनिवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो असता शेजारच्या निवृत्त मोजणीदारांनी फावड्याने सगळी चटई उपटून गोणीत भरली. ती कुंपणाखालून हातभर त्यांच्या हद्दीत गेली होती, हे मला मान्य आहे. मग हातभरच काढायची होती. मी जाब विचारला असता ते म्हणाले, "गवतासाठी एवढं काय, काका?"

मुळे ओली आहेत तोवर परत लावू म्हणून गोणी मागितली. ते देईनात. म्हणून दहा वाजता इथे पोलीस चौकीत आलो. चोरी लिहून घ्या, गोणी जप्त करा, असा हट्ट मीच धरला. हवालदारसाहेबांनी गोणी आणून तोंड शिवले व लाखेचे सील लावले. आता ती मुद्देमाल झाली असून कोर्टाच्या हुकुमाशिवाय उघडता येत नाही, असे मला तेव्हा कळले. कोर्ट सोमवारी. तक्रार मागे घेतो म्हटले, तर गोणी ज्यांच्याकडून आणली त्यांनाच परत जाईल. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय.

गोणी या टेबलाखालीच आहे. वरून तांब्याभर पाणी ओतू द्या, अशी विनंती केली. पुराव्यात फेरफार होईल म्हणून नाकारली. पत्नी बाकावर बसून आहे. ती एवढेच म्हणाली, "मला वास येतोय. अजून जिवंत आहे ती."

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचायला वीस मिनिटे लागली, तीही लिहून घ्यावीत.