बिबट्यासाठी पेनड्राइव्ह

जुन्नर स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघे बोलत होते.

“गोकुळ, बिबट्या येऊ नये म्हणून शेतात स्पीकरवर भजनं लावतोस म्हणं?”

“भजनं नाय. मोहिनी माझ्यावर वरडती, तेच पेनड्राइव्हमधी भरून लावतो.”

“वा. अन् लाइट गेल्यावर पुसलं जातं का?”

“नाय राव. बारका करंट आत कोंडून ठेवलेला असतो, लाइट नसली तरी तो हलत नाय. पेनड्राइव्ह पावसात भिजला, ट्रॅक्टरवरून पडला, पण एक शिवी कमी झाली नाय.”

“वहिनींचा राग ठेवायला बरा डबा गावला. बिबट्या पळाला?”

“पळाला. पण साऱ्या गावानं ऐकलं म्हणून मोहिनीबी माहेरी गेली.”

“मग पूस की ते.”

“पुसलं. तवापासून शेतात बिबट्या अन् घरात मी, दोघंबी मोकळं फिरतोय. झोप म्हणून नाय. चाललोय पारगावला, तिला आणायला.”