ठकूबाईचा कचरा

नगरपालिकेत कचरापट्टी कमी करून घ्यायला आलेल्यांच्या रांगेत उज्वला तासभर ताटकळली होती. पुढे खिडकीशी दहिवलीची म्हातारी ठकूबाई मात्र पट्टी लावून घ्यायलाच अडून बसली होती.

“आजी, घंटागाडीवाला सांगतो, तुमच्या घरी कचराच निघत नाही. मग पट्टी कशाची लावू?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

“लाव रं बाबा. पावतीवर माझं नाव न् घराचा नंबर येतो. त्याबिगर विजेचा मीटर देत नाय म्हंतात.”

“पण कचरा कुठंय?”

“सालपटं, शिळंपाकं, कागद, समदं शेळी खाते.”

“मग शेळी बांधून ठेवा.”

“बांधली. दावं चावून सुटली.”

“शेजाऱ्यांचा कचरा मागून ठेवा.”

“बंगल्यातनं दोन पिशव्या मागून आणल्या. गाडी यायच्या आत पिशव्यांसकट फस्त!”

सगळी रांग हसली. उज्वलाही हसली.

“आजी, ती शेळी आहे तोवर तुमचं काम काही व्हायचं नाही,” कारकून म्हणाला.

“ते कळलं रं, म्हणून तर आले. काल बाजारात इकली. आज दारात सालपटं तशीच पडून हायत. घे लिहून.”