मधोमध बसवलेला हातपंप

चहा घ्या, पण दिलप्याचं कौतुक माझ्यापुढं करू नका. पंधरा वर्षं आम्ही दोघं जालन्याच्या बदनापूर तालुक्यात हातपंप दुरुस्त करत होतो. मंग सरकारनं आफ्रिकेतल्या एका देशाला हातपंप द्यायचं ठरवलं, म्हंजे तिथल्या गावांत पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत. सोबत एक मिस्त्री पाठवायचा होता.

मुलाखतीत साहेबानं विचारलं, "दोन गावं भांडत असतील, तर पंप कुठे बसवाल?"

मी म्हणलो, "जिथं पाणी लागंल तिथं."

दिलप्या म्हणला, "दोघांच्या बराबर मधोमध, साहेब."

झालं! तो विमानात, मी बदनापुरात. बायको रोज मला त्याचे फोटो दाखवायची.

महिन्यानं त्याचा फोन आला. "मधोमध तीन बोअर मारले, थेंब न्हाई. आता दोन्ही गावं मिळून माझ्या मागं लागली रे!"

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांनी पेपरात दिलप्या, गळ्यात हार. खाली बातमी, 'जालन्याच्या मिस्त्रीनं भांडणारी गावं एक केली.'

बायको म्हणती, "तुम्ही गेला असता, तर नुसतं पाणीच काढलं असतं!"