मराठी हरवलेला माझा पहिला वाचक

समारंभाचे अध्यक्ष माननीय राजशेखर आण्णा, मुख्याध्यापिका गुलनाज मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थिनी, आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे यजमान शिवानंद व दीर वीरभद्रप्पा भाऊजी, आपणा सर्वांना नमस्कार.

आण्णांनी इतकं कौतुक केलं, की निवृत्त होणारी बाई दुसरीच कुणी असावी असं वाटलं मला. शालही दिलीत. सोलापूरच्या या उन्हात ती पांघरायची कशी, तेवढं माझ्यावर सोडलंत.

निमंत्रणपत्रिकेत 'आत्मकथनातील एका पानाचे वाचन' असंही छापलंय. मला न विचारता! मॅडम, हसू नका, हे काम तुमचंच. पण खरं सांगते, या बाई नसत्या तर पानच नसतं. माझ्या प्रत्येक कथेचे पहिले वाचक म्हणजे आमचे हे. वाचून नाक मुरडायचे, "शेवट लई गोड केलास" म्हणायचे. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि माझं लिहिणं थांबलं. वाचणारंच गेलं, तर लिहायचं कुणासाठी? प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांपलीकडे मी काही लिहीत नव्हते. गेल्या दिवाळीत मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, "गोष्ट सुचत नाही ना बाई? मग जे झालं तेच लिहा की!" दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले.

आता एक अडचण सांगते. झटक्यानंतर ह्यांना मराठी कळेनाशी झाली. लहानपणीची कन्नड तेवढी राहिली. म्हणून मी लिहिते मराठीत आणि संध्याकाळी ते पान ह्यांना कन्नडमध्ये सांगते. हे नको म्हणाले तर पान काढायचं, असं ठरलंय आमचं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्यापासून लपवून कसं लिहू? पण एका पानावर गाडी अडलीय. ते सांगितलं की हे तोंड फिरवतात. हो नाही, नको नाही. पान वगळलं तर पुस्तक खोटं पडतं, छापलं तर ह्यांची बदनामी होते. आज सकाळी भाऊजी घरी आले. "वैनी, घरातलं घरातच ऱ्हाऊ द्या की. भावाची अब्रू हाय ती." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणून आज दुसरंच, कुणाला न दुखवणारं पान आणलंय. तेच वाचते.

"त्या वर्षी मी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. कपाळाला", हे बघा, इथं, खूण आहे अजून, "टाके पडले. शाळेतल्या मुली डबे घेऊन..."

काय झालं? हे काहीतरी म्हणताहेत. भाऊजी, त्यांचा हात सोडा. बोलू द्या त्यांना.

ऐकलंत? "सुळ्ळु" म्हणाले. म्हणजे खोटं.

अहो, मराठी कळत नसेल, पण बाथरूम कन्नडमध्येही बाथरूमच. त्यात माझं बोट कपाळावर. ओळखलं ह्यांनी, मी काय वाचतेय ते. थांबा हं, हा कागद बाजूला ठेवते. ह्यांनाच विचारते, ते अडलेलं पान वाचू का म्हणून.

"ओदलेन्री?"

"ओदु" म्हणाले. वाच.

भाऊजी, बसा. पाया पडते तुमच्या, बसा.

ते पान आणलेलं नाही, पण मला पाठ आहे. मी पडले नव्हते. ह्यांनी मला जेवणाचं ताट फेकून मारलं होतं. झटक्यानंतर डॉक्टर, पाहुणे, मी, सगळेच ह्यांच्याशी मराठीत बोलत होतो. मुलांच्या शाळेपायी घरातली कन्नड आम्ही कधीच बंद केली होती. ह्यांना कळेना, तसा आमचा आवाज चढत गेला. मी तर मराठीची बाई! पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसे शब्द सुटे करून बोलायचे. हे बोबडं काहीबाही बोलायचे. आम्ही ते मराठी समजून ऐकायचो, अर्थ लागायचा नाही, आणि डोक्यावर परिणाम झालाय म्हणून मोकळे व्हायचो. त्या दुपारी मी घास पुढं केला, "आ करा, आ" म्हणाले, आणि ताट कपाळावर आलं. रक्त बघून हेच रडायला लागले. रडत ओरडत होते, "नीरु, नीरु!" अहो, पाणी मागत होता हा माणूस! घास कोरडा लागत होता त्यांना. जन्मभर कानावर पडलेला शब्द, आणि तो मला त्या दिवशी ऐकू आला.

मी कन्नडमध्ये बोलले. ह्यांनी उत्तर दिलं. तिथून आमचा संसार परत सुरू झाला. म्हणून ते पान काढता येत नाही. आणि म्हणून मी ह्यांना माफ केलंय, असंही समजू नका. राग येतो मला. अजून येतो.

मंडळी, या शाळेनं मला वाईट दिवसांत सांभाळून घेतलं, त्याबद्दल मी आपली सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका. मी मात्र आता खाली उतरते. राग अजून येतो, हे त्या पानात लिहिलेलं नाही. ते मी तुम्हाला सांगून बसले, ह्यांना अजून सांगितलेलं नाही.