वरच्या मजल्यावरचा प्रिंटर आणि खालचं पंचांग

कौशल्याबाई : परत तेच आलं. 'ॲक्सेस डिनाइड.'

रणजित : पासवर्ड नीट टाकलात ना, काकू?

कौशल्याबाई : सकाळपासून तेवढंच टाकतेय. आता झोपेतही टाकीन.

रणजित : विचित्रच आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला मी फसवलंय. प्रिंटर शेजारीच तारेनं जोडलाय असं वाटतंय त्याला. ते बिचारं पान पाठवतंय, पण वर आमच्या कंपनीचा सर्व्हर त्याला दारातच उभं करतोय.

कौशल्याबाई : आमचा जुना प्रिंटर परवा गेला नसता तर तुमच्या दाराशी आलोच नसतो. तापकीर गल्लीत या तारेचा दुसरा मागितला. दुकानदार म्हणाला, संग्रहालयात विचारा.

रणजित : मग सॉफ्टवेअरच बदला की. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. अजून कोण वापरतं हे?

कौशल्याबाई : दुसऱ्या कशात आमचं पंचांग उघडत नाही. ग्रहांची चिन्हं, तिथींचे रकाने, सगळं याच्यात आहे. याचा कीबोर्ड येणारी पुण्यात दोनच माणसं होती.

रणजित : दुसरं कोण?

कौशल्याबाई : वारले.

रणजित : सॉरी.

कौशल्याबाई : तुम्ही कशाला सॉरी? तुम्ही प्रिंटर बघा. आज प्रूफ प्रेसला गेलं नाही तर पाडव्याला पंचांग नाही. आणि यंदा निघालं नाही तर छपाई कायमची बंद, असं आमच्या पंचांगकर्त्या आप्पांनी सांगून टाकलंय. मग पन्नाशीत हा कीबोर्ड काखेत मारून मी कुठे जाऊ?

रणजित : प्रेसवाल्यांकडे दोन दिवस मागा ना.

कौशल्याबाई : आणि पाडव्याचं काय? त्याची तारीख आम्हीच जाहीर केलीय.

रणजित : बरं, प्रिंट फाइलमध्ये निघते का? मी फ्लॉपीवर घालून वर नेतो.

कौशल्याबाई : ती सोय पुढच्या व्हर्जनमध्ये येणार होती. व्हर्जन आलं नाही. कंपनीच गेली.

रणजित : एक मिनिट. काकू, या मशीनवर सत्त्याण्णव साल का आहे?

कौशल्याबाई : लायसन्स अठ्ठ्याण्णवपर्यंतचंच होतं. वाढवून द्यायला कोणी उरलं नाही. म्हणून रोज सकाळी आल्यावर देवाला उदबत्ती लावते आणि तारीख मागे नेते.

रणजित : रोज?

कौशल्याबाई : रविवारी सुट्टी असते.

रणजित : म्हणजे दोन हजार पाचचं पंचांग तुम्ही सत्त्याण्णव सालात बसून करताय.

कौशल्याबाई : आमच्या धंद्यात आगाऊ काम चांगलं समजतात.

रणजित : अहो, मग इथंच तर अडलंय! आमच्या सर्व्हरला पाच मिनिटांचाही फरक खपत नाही, तुमचा आठ वर्षांचा आहे. आजची तारीख टाकू?

कौशल्याबाई : टाका. सॉफ्टवेअर तिथल्या तिथे बंद पडेल. प्रत्येक पानाला ते तारीख बघतं.

रणजित : म्हणजे हे आजच्या सालात येणार नाही, आणि सर्व्हर याला त्या सालातून आत घेणार नाही.

कौशल्याबाई : सर्व्हरला सांगून बघा.

रणजित : काय सांगू?

कौशल्याबाई : थोडा वेळ मागे ये म्हणावं.

रणजित : काकू, वरचा सगळा स्टाफ सत्त्याण्णवात जाईल! तेव्हा आमची कंपनीच नव्हती. आमच्या खराडीत आयटी पार्कच्या जागेवर ज्वारी हुती.

कौशल्याबाई : तुमची माणसं जेवायला कधी जातात?

रणजित : आत्ताच गेलेत.

कौशल्याबाई : मग?

रणजित : माझी नोकरी जाईल.

कौशल्याबाई : माझीही जातेय. सोबत होईल.

रणजित : ...नेतो इथूनच सर्व्हरची तारीख मागे. तुम्ही प्रिंट द्या, आणि पळा वर.

(थोड्या वेळानं, वरच्या मजल्यावर, प्रिंटरपाशी. पंचांगकर्ते आप्पा तिथे आधीपासून खुर्ची टाकून बसलेत.)

आप्पा : अहो, ते हजेरीचं यंत्र जेवून आलेल्या प्रत्येकाला 'रुजू नाही' म्हणतंय.

रणजित : पाचच मिनिटं, आप्पा. तेव्हा खरंच कोणी रुजू नव्हतं.

आप्पा : एक मुलगी रडकुंडीला आलीय. रजा शिल्लक दाखवतंय, नोकरी दाखवत नाही.

रणजित : मॅनेजर कुठायत?

आप्पा : दाराबाहेर. त्यांच्या कार्डानं दार उघडत नाहीये. मी काचेतून त्यांना राहुकाळ सांगितला. शांत झाले.

कौशल्याबाई : आलं! आप्पा, पान आलं!

आप्पा : चैत्र दाखवा. हं. मंगळ डावीकडे सरकलाय.

कौशल्याबाई : या प्रिंटरात कागद सरकलाय. मी इथेच पेनानं खूण करते, प्रेसवाले जागेवर बसवतील.

रणजित : सर्व्हर परत आणू का? मॅनेजर काच वाजवतायत.

कौशल्याबाई : फाल्गुन येऊ द्या हो.

रणजित : आला फाल्गुन. सुटलो. पण काकू, पुढच्या वर्षी हे जमायचं नाही. सर्व्हर बदलतायत, नव्याला मला हातसुद्धा लावू देणार नाहीत.

कौशल्याबाई : ऐकलंत, आप्पा?

आप्पा : ऐकू येतं मला. पुढच्या वर्षीचं गणित करून झालंय.

कौशल्याबाई : झालंय? तुम्ही तर बंद म्हणाला होतात.

आप्पा : छपाई बंद म्हणालो होतो. गणित रिकाम्या वेळात होतं.

कौशल्याबाई : आणि ते छापायचं कशात?

आप्पा : या मुलाला विचारा आणि नवीन काय असेल ते शिकून घ्या.

कौशल्याबाई : या वयात?

आप्पा : मी ऐंशी ओलांडलीय. मला वय सांगू नका.

कौशल्याबाई : म्हणजे मी उद्या यायचंय.

आप्पा : या. जरा उशिरा या. दमला आहात.