बैठकीच्या खोलीला बाहेरून कडी

मी, प्रयोगशाळेतली ज्येष्ठ तंत्रज्ञ, सगळे ताई म्हणतात, वय ५१, राहणार प्रयोगशाळेमागच्या गल्लीत, आपणहून ठाण्यात येऊन सांगते की,

माझ्या नणंदेला रक्ताचा कर्करोग आहे. तिचे माझे एकवीस वर्षे पटलेले नाही. तिच्या रक्तातले बिघडलेले जनुक किती काम करते ते दर तीन महिन्यांनी मोजतात. आकडा ठरलेल्या रेषेखाली असला तर तीच गोळी चालू, वर गेला तर औषध बदलायचे. या खेपेला एकाच वेळी काढलेले रक्त आमच्याकडे आणि समोरच्या प्रयोगशाळेत गेले. आमचा आकडा रेषेखाली, त्यांचा वर. दोन्ही कागद घेऊन नणंद माझ्या स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "वहिनी, मी बरी होतेय की नाही, तेवढं एक सांग." मला सांगता येईना. स्वतःचाच भयंकर राग आला.

बिघडलेले जनुक एखाद्या निरोगी जनुकाशी तोलून मोजतात. आमचे डॉक्टर एका जनुकाशी तोलतात, समोरचे डॉक्टर दुसऱ्याशी. म्हणजे एक वाटीने मोजणार, दुसरा पेल्याने. पद्धत एक करायला तीन वर्षांत नऊ बैठका झाल्या. प्रत्येकीत पुढच्या बैठकीची तारीख एकमताने ठरली.

मंगळवारी सकाळी अकराला दहावी बैठक होती, आमच्याकडे. मी दोन्ही डॉक्टरांपुढे चहा ठेवला, बाहेर आले आणि कडी लावली.

आमचे डॉक्टर आतून ओरडले, "ताई, चुकून कडी लागली!"

"चुकून नाही साहेब. एक पद्धत ठरवा, मग उघडते."

बराच आरडाओरडा झाला. मग दाराखालून चिठ्ठी आली, 'कॅल्क्युलेटर पाठवा.' तो खिडकीतून दिला. दुसऱ्या चिठ्ठीत बिस्किटे मागितली होती. 'आधी जनुक,' असे लिहून परत सरकवली. तिसऱ्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होत्या: जनुक एकच, आणि दोन्ही यंत्रे रोज आधी एकाच प्रमाण नमुन्यावर तपासायची. मी दार उघडले.

त्याच दिवशी नणंदेचे रक्त दोन्हीकडे पुन्हा तपासले. आकडा एकच आला, रेषेखाली. नणंद म्हणाली, "एवढं करायला तुला कोणी सांगितलं होतं?" आणि माझा हात धरून बसून राहिली. मला रडू आले.

दोन्ही डॉक्टरांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार खरी आहे, कडी मीच लावली. आमचे डॉक्टर म्हणतात, चाळीस मिनिटे कोंडले. समोरचे म्हणतात, दीड तास. दोघे एकाच खोलीत, एकाच घड्याळासमोर होते.

हवालदारांनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले, शब्द न् शब्द माझाच आहे. वेळेचे तेवढे दोघांना पुन्हा एकत्र बसवून विचारावे. कडी लावायला मी येईन.